शेऱ्याचा रकाना

रायबंदरात रस्ता घरांना इतका खेटून जातो
की बस वळली की एस्पेरांसाबाईंच्या कपाटातल्या बश्या
एकमेकींशी कुजबुजतात.
मी टेपचं एक टोक धरून उभा.
दुसरं म्हाबळू मेस्ताच्या हातात. खात्याने शिपाई दिला नव्हता,
हा शेजारची खिडकी उतरवत होता, तसाच आला.

दर्शनी भिंत : एकोणीस मीटर चाळीस.
छपराचा उतार, कौलं, सज्जाचा बिडाचा कठडा : अबाधित.
रंग : पिवळा.
‘पिवळा कसला?’ बाई सोप्यावरून म्हणाल्या,
‘करमल पिकायच्या आदल्या दिवशी असतं, तसला.
पाप्पा स्वतः घोटायचे.’
नमुन्यात तेवढी जागा नव्हती.
मी पिवळाच ठेवला.

म्हाबळूने भिंतीला पंजा लावला,
गाईच्या पोटाला लावतात तसा.
‘चुना चार महिने मुरवावा लागतो.
सिमेंटला घाई. ते लावलं की चिऱ्याचा जीव कोंडतो,
मग पावसाळाभर भिंत घाम गाळते आणि आपण म्हणतो, ओल आली.’
त्याच्या घरी दोन हारे भरून शिंपले आहेत,
तावदानांचे, पातळ, दुधावरच्या सायीसारखे.
पाडलेल्या घरांतून वेचलेले. नवे कुणी तासत नाही.
‘तुम्ही आता घरं पाडू देणार नाही म्हणता.
मग मी शिंपले आणू कुठून?’
तो हसला. मला हसताही येईना,
टेप तेवढा घट्ट धरला.

वरच्या माळ्यावर ओलाव्हो,
बाईंचा भाऊ. तीन वर्षं जिना उतरलेला नाही.
खालच्या खोलीचं दार तीन इंच रुंद झालं
तर खुर्ची आत जाईल, न्हाणीघर तिथेच करता येईल.
अर्ज दिला त्याला सव्वीस महिने झाले.
समितीची बैठक गणसंख्येअभावी तहकूब,
मग आचारसंहिता,
मग फाइल दुसऱ्या टेबलावर, ते टेबल दुसऱ्या इमारतीत.
कारण दार जुनं आहे, चौकट सागवानी आहे,
चौकटीवरची वेल कुणा अनाम हाताने कोरलेली आहे,
आणि हे सगळं खरंच आहे.
मीच लिहून दिलं होतं, मागच्या खेपेला.

दोन घरं सोडून पुढे मात्र
काम झपाट्याने चाललंय.
तिथे फक्त पुढची भिंत उभी आहे,
पाठीला लोखंडी टेकू,
खिडक्या, महिरपी, कठडे, सगळं जागच्या जागी,
रंगसुद्धा मंजूर केलेल्या तक्त्यातला.
मागे खड्डा. तीस खोल्यांचं लॉजिंग येणार.
मांडवीवरचा वारा खिडकीतून आत शिरतो
आणि आत काहीच नसल्यामुळे
थांबत नाही.
तिच्याही नमुन्यात मी लिहिलं होतं : दर्शनी भिंत अबाधित.
खोटं नव्हतं एक अक्षर.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद असतो.
त्यात लिहिलं :
दार तीन इंचांनी रुंद करण्यास हरकत नसावी.
‘नसावी’ खोडून ‘नाही’ केलं.
साहेब ते पुन्हा ‘नसावी’ करतील, ठाऊक आहे.
खाली उरलेल्या पट्टीत बारीक अक्षरात
‘रंग करमलाचा’ असंही लिहिलं,
म्हटलं, विचारलं तर बघू.

निघताना पोदेरचा भोंगा वाजला.
वरून दोरीला बांधलेली टोपली
सज्जाचा कठडा चुकवत खाली आली,
पोदेरने चार उंडे ठेवले, सुटे पैसे उचलले,
टोपली डुलत डुलत वर गेली.
हात दिसला नाही, फक्त दोरी ओढल्याचा आवाज.

म्हाबळूने टेप पुढे केला. ‘ही पण मोजायची?’
मी नाही म्हटलं.
मोजली असती तर दोरी यादीत गेली असती,
आणि झिजली तरी
त्यांना बदलता आली नसती.